गोड काळिमा

उपचार थांबवायचे ठरले त्या दिवशी आत्याने मला दोन गोष्टी बजावल्या. एक, तिच्या खाटेचं तोंड खिडकीकडे करायचं. दोन, आत्मा अमर असतो हे घरात कुणी बोलायचं नाही.

स्वादुपिंडाचा कर्करोग. कळला तेव्हाच तो यकृतात पोचलेला होता. केमोच्या काही फेऱ्या झाल्या, त्यांनी रोगापेक्षा आत्यालाच जास्त झिजवलं. मग डॉक्टरांनी समोर बसून, घाई न करता सांगितलं की आता औषध आजारावर नाही, त्रासावर द्यायचं. आत्याने विचारलं, "किती?" ते म्हणाले, "महिन्यांत मोजा." ती मान हलवून म्हणाली, "बरं झालं, सांगितलंत." गाडीत मात्र ती एक शब्द बोलली नाही. घरी येऊन तिने खाट फिरवून घेतली.

आत्याने एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही, माझ्या लहानपणापासून ती आमच्यातच. मी हिशेब बघते, ताळेबंद आणि कर हे माझं रोजचं काम. कवितेशी माझा संबंध शाळेबरोबर संपला होता. त्यामुळे आता जे सांगणार आहे ते काही ठरवून झालेलं नाही. तिचे डोळे दहा मिनिटांत थकायचे, पुस्तक हातात जड व्हायचं. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागले. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "हे पुरे. निकाल लागेपर्यंत मी नसणार अशा बातम्या कशाला ऐकवतेस? झाडाझुडपांचं वाच काहीतरी." तिच्या विषयाची पुस्तकं काढली तर पुढचं वाक्य तीच बोलून मोकळी व्हायची. मग माळ्यावरून जुने कवितासंग्रह आणि माझी शाळेची पाठ्यपुस्तकं खाली आली.

एका दुरेघी वहीत मी डाव्या पानावर औषधांच्या वेळा लिहायचे. मॉर्फीनचं पातळ औषध दर चार तासांनी, उलटीची गोळी, पोट साफ व्हायचं औषध. उजव्या पानावर काय वाचलं आणि नंतर ती कशी होती, झोपली, चिडली की गप्प राहिली. हिशेबाची सवय, दुसरं काय. ती वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

पहिल्या आठवड्याच्या उजव्या पानांवर बहुतेक 'चिडली' असंच आहे. मला वाटलं होतं, मृत्यू सोपा करून सांगणाऱ्या कविता निवडाव्यात. पानगळीवरच्या दोनतीन मिळाल्या, कुणाच्या ते सांगत नाही. एकीत पिवळं पान फांदीचा निरोप घेताना रडतं, दुसरीत वारा त्याला निर्दयपणे तोडून नेतो. आत्या डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "नापास."

"का गं?"

"पान गळत नाही. झाड ते टाकतं."

आणि मग त्या अवस्थेत, मध्ये दोनदा पाणी पिऊन, तिने मला पानगळ शिकवली. खिडकीबाहेर देशी बदामाचं झाड आहे, त्याची मोठी पानं गळण्याआधी लालभडक होतात. त्यातलं एक तिने मागवून घेतलं. पानातलं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक कमी होतं, इथिलीन या वायूचा जोर वाढतो, देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार झालेला असतो तो सुटायला लागतो. त्याआधी झाड पानातलं हरितद्रव्य मोडून नायट्रोजन, फॉस्फरस जमेल तेवढा परत आत ओढून घेतं. पान सुटतं त्या जागी आधीच बुचासारखा थर धरलेला असतो, म्हणून जखम उघडी पडत नाही. वारा फक्त शेवटचा धक्का देतो. "वाऱ्याला उगाच बदनाम केलंय," ती म्हणाली. मग देठाचं टोक माझ्यापुढे धरून, "बघ, कसं गुळगुळीत सुटलंय. ओरबाडलेल्या पानाचं असं नसतं."

पुढचं तिने जरा थांबून सांगितलं. वादळात फांदी मोडून अर्धवट लोंबकळत राहते, ती पाहिली आहेस का? तिची पानं वाळून कोळ होतात, पण गळत नाहीत. महिनोन्‌महिने चिकटून राहतात. कारण सोडून द्यायला पेशी जिवंत लागतात. मेलेल्या फांदीला पान टाकता येत नाही.

मी वहीत लिहिलं : 'पानगळ – जिवंत असताना करायचं काम.' काय लिहिलंस ते तिने विचारलं, मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी झाडाबद्दल बोलत होते." पण वाक्य खोडायला सांगितलं नाही.

त्यानंतर माझी निवड बदलली. मृत्यूवरच्या कविता मी बाजूला ठेवल्या आणि नुसतं नीट बघणाऱ्या कविता शोधायला लागले. बालकवींचा 'औदुंबर' पाठ्यपुस्तकातच सापडला. आठ ओळी, आम्हा सगळ्यांना अर्ध्यामुर्ध्या पाठ असलेल्या. मी डोळ्यांपुढे पुस्तक न धरताच म्हणायला लागले.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन

सातव्या ओळीवर आले आणि आत्याचं बोट खाटेच्या कडेवर टक्‌ वाजलं. मी म्हटलं होतं, 'झाकळुनी जळ गाढ काळिमा पसरी लाटांवर'.

"गोड," ती म्हणाली.

"काय?"

"गाढ नाही. गोड काळिमा."

पुस्तक उघडून पाहिलं. गोडच होतं. इतकी वर्षं मी ते चुकीचं म्हणत आले होते, आणि खरं सांगायचं तर बरोबर पाठ समोर असतानाही जीभ गाढवरच जायची. काळिमा गाढ असणं कळतं. गोड कसा असेल?

त्या एका शब्दावर आम्ही पाचसहा दिवस होतो. तिला घाई नव्हती, मला होती. मला वाटायचं अजून कितीतरी वाचून व्हायला हवं. ती म्हणायची, परत म्हण. आणि परत म्हणता म्हणता माझ्या लक्षात यायला लागलं की ही कविता एक चाल आहे. आधी झरा, मग टेकडीकडचं चार घरांचं चिमुकलं गाव, मग शेतमळ्यांची हिरवी गरदी, मग त्या गर्दीतून बाहेर पडणारी पांढरी पायवाट. ती वाट अडवीतिडवी जाते, पण जाते कुठे? काळ्या डोहाकडे. आणि तिथे आक्रोश नाही, कुणी अडवत नाही, ढकलत नाही. तिथे एक उंबर बसलेला आहे, पाय पाण्यात टाकून. दमून आलेलं माणूस बसावं तसा.

"यात 'मी' कुठे आहे दाखव," आत्या एकदा म्हणाली.

शोधला. आठही ओळींत नाही. कवी नाही, त्याचं दुःख नाही, त्याला काय वाटलं ते नाही. "म्हणूनच बरं वाटतं," ती म्हणाली. "दिवसभर नुसतं माझं पोट, माझी उलटी, माझी झोप, माझा रिपोर्ट. त्या आठ ओळींपुरती तरी मी नसते. आणि मी नसूनही सगळं नीट चाललेलं असतं. झरा वाहतोय, वाट चाललीय."

हे ऐकून मला गलबलून आलं. मी उठून पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. मी नसूनही सगळं नीट चाललंय, हे तिला ज्या सुरात म्हणता येत होतं तो सूर मला तेव्हा अजिबात मान्य नव्हता. मी तिच्या ताटातले घास मोजत होते.

उंबराचं तिने वेगळंच ऐकवलं. आपण म्हणतो ना, अमका उंबराचं फूल झालाय, दिसतच नाही. तर उंबराला फुलं येतात, भरपूर येतात, ती फळाच्या आत असतात. नखाएवढीही नसलेली एक माशी बारीक भोकातून आत शिरते. शिरतानाच तिचे पंख तुटतात. आत ती परागीभवन करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं त्याच फळात वाढून, पराग घेऊन बाहेर पडतात. म्हणजे तो डोहाकाठी शांत बसलेला औदुंबर आतून जन्ममरणाने नुसता खदखदत असतो. "बालकवींना हे माहीत असायचं कारण नाही," ती म्हणाली, "पण त्यांनी त्याला रडवलं नाही, हसवलं नाही. नुसता बसवला. बरोबर बसवला." तिच्याकडून कवीला मिळालेली ही पहिली शाबासकी.

बालकवी सत्ताविसाव्या वर्षी गेले. ५ मे १९१८, भादली स्टेशनजवळ, रेल्वेखाली. त्यांना तयारी करायला महिने मिळाले नाहीत. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं, मग म्हणाली, "मला मिळालेत. मोजून वापरायला हवेत."

भा. रा. तांब्यांची 'जन पळभर म्हणतिल हाय हाय' मी टाळत होते. तिनेच मागितली. गाणं लावू का विचारलं तर नको म्हणाली, गाण्यात शब्द वाहून जातात, वाच. मी वाचायला लागले. 'सूर्य तळपतिल, चंद्र झळकतिल, तारे अपुला क्रम आचरतिल' इथपर्यंत ठीक होतं. 'मेघ वर्षतिल, शेते पिकतिल, गर्वाने या नद्या वाहतिल' हेही झालं. पुढे 'सखेसोयरे डोळे पुसतिल' आलं आणि माझा आवाज बसला.

"पुढे वाच," आत्या म्हणाली. "तुझंच वर्णन आहे."

'पुन्हा आपल्या कामी लागतिल, उठतिल, बसतिल, हसुनि खिदळतिल.' मी कसंबसं वाचलं. ती हसत होती. 'रामकृष्णही आले गेले, त्याविण जग का ओसचि पडले? कुणी सदोदित सूतक धरिले?' या ओळीला तर ती इतकी हसली की पोटात कळ आली आणि आम्हाला थांबावं लागलं.

त्या कवितेच्या बांधणीबद्दल तिचं एक म्हणणं होतं, ते मला अजून पटतं. तांबे नातेवाइकांपासून सुरुवात करत नाहीत. आधी सूर्य, चंद्र, तारे, वारे, मग ढग, शेतं, नद्या. आपल्यावाचून त्यांचं काही अडणार नाही याचं कुणालाच वाईट वाटत नाही. नदीने माझ्यासाठी थांबावं अशी अपेक्षा कोण करतं? दोन कडव्यांत मनाला ती सवय लावून झाली की मग हळूच सखेसोयरे त्याच रांगेत आणून उभे केलेत. तेही ढगांसारखेच, आपापल्या कामाला लागणारे. तोवर मन नदीबरोबर चालायला लागलेलं असतं, त्यामुळे ते टोचत नाही. हेच उलट्या क्रमाने सांगितलं असतं तर ती तक्रार झाली असती.

आणि शेवटची ओळ. 'का जिरवु नये शांतीत काय?' काय म्हणजे देह. तिला त्यातलं 'जिरवु' फार आवडलं. पाणी मातीत जिरतं तेव्हा ते नाहीसं होत नाही, नुसतं वरून दिसेनासं होतं. त्या दिवसाच्या उजव्या पानावर मी लिहिलंय : 'दुपारी दोन ते साडेचार झोप. कण्हली नाही.' कवितेमुळे की दीड वाजताच्या मॉर्फीनमुळे, याचा हिशेब मला मांडता येत नाही.

हे मात्र स्पष्ट सांगते. वेदना चढलेली असताना कविता काढू नये. मी एकदा काढली. रात्री तीनला ती तळमळत होती, पुढच्या डोसला तासभर होता, आणि मला काही सुचेना म्हणून मी झरा आणि हिरवाळी सुरू केलं. ती ओरडली, "बंद कर ते!" एवढ्या वर्षांत ती माझ्यावर असं कधी ओरडली नव्हती. सकाळी नर्सने सांगितलं, अशा वेळी मध्येच द्यायचा जादा डोस लिहून दिलेला असतो, कागद नीट वाचा. लिहिलेला होता. डाव्या पानावर मीच उतरवून घेतला होता. आधी डावं पान, मग उजवं, हा क्रम मी त्यानंतर कधी मोडला नाही.

त्या रात्रीनंतर दोन दिवस उजवं पान कोरं आहे. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "शांत वगैरे नसलेलं काही आहे का?" मला जपानी कवी बाशोचं शेवटचं हायकू मिळालं. १६९४ साली, प्रवासातच आजारी पडून ओसाकात तो गेला, त्याच्या थोडं आधीचं. प्रवासात आजारी पडलोय आणि स्वप्नं मात्र वाळलेल्या रानातून भटकतायत, एवढंच. तीन ओळी. त्यात कुठेही 'मी तयार आहे' नाही. पाय चालत नाहीत, पण मन अजून हिंडतंय. "हा खरा माणूस," आत्या म्हणाली आणि मग पहिल्यांदाच तिने तिची स्वप्नं सांगितली. रोज रात्री ती विद्यार्थ्यांना घेऊन सहलीला जात होती, नमुने गोळा करत होती, आणि कागदात दाबून ठेवायला वेळ पुरत नव्हता.

तिला न पटलेल्या कवितांचीही यादी मोठी आहे. बहिणाबाईंवर तिचा फार जीव, पण 'धरित्रीच्या कुशीमधी बीयबियानं निजली' मी वाचली तेव्हा, ओळ सुंदर आहे, पण मरणाला ती लावू नकोस म्हणाली. बी मेलेलं नसतं. ते अगदी मंद का होईना, श्वास घेत असतं. इस्रायलमधल्या मसादाच्या किल्ल्यात सुमारे दोन हजार वर्षं पडून राहिलेली खजुराची बी २००५ साली लावली तर रुजली, ती तेवढा काळ जिवंत होती म्हणून. "मी बी नाही. मी रुजणार नाही. मला खोटं नको." त्यापेक्षा बहिणाबाईंचंच 'अरे जगनं मरनं एका सासाचं अंतर' तिला चालायचं. त्यात काही आश्वासन नाही, नुसतं माप आहे.

बोरकरांच्या 'मीपण ज्यांचे पक्व फळापरि सहजपणाने गळले हो' या ओळीतल्या 'सहजपणाने' या शब्दावर तिने लाल खूण करायला लावली. सहज? देठाशी आठवडेच्या आठवडे काम चाललेलं असतं, तेव्हा कुठे फळ एका क्षणात सुटतं. बघणाऱ्याला सहज दिसतं. पण फळाची उपमा तिला बरोबर वाटली, आणि त्यावरून तिला महामृत्युंजय मंत्र आठवला. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला तो मंत्र, लोक मरण टळावं म्हणून म्हणतात. पण त्यात मागणी काय आहे बघ, ती म्हणाली. 'उर्वारुकमिव बन्धनात्', फळ जसं देठाच्या बंधनातून सुटतं तसं मला मृत्यूपासून सोडव. उर्वारुकाचा अर्थ काकडी सांगतात. तिचं मत, ते खरबुजासारखं काही असणार, कारण काकडी तोडावी लागते आणि खरबूज पुरतं पिकलं की वेलीपासून आपण होऊन सुटतं. विद्वान काय म्हणतात याची तिला फिकीर नव्हती. "वेलीच्या मळ्यात उभं राहून ज्याने बघितलं त्यानेच हे लिहिलंय."

एका रविवारी काका ज्ञानेश्वरी घेऊन आले. दुसरा अध्याय उघडला तेव्हाच मला धडकी भरली, कारण घरातला नियम त्यांना कुणी सांगितला नव्हता. ते आत्म्यापाशी पोचताच आत्या म्हणाली, "दादा, तेवढं सोडून पुढे." काका दुखावले असावेत, पण मोठे शहाणे. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, बरं, तुला आत्मा नको ना, मग कृष्णानेच तुझ्यासारख्यांची सोय केलेली आहे. आत्मा नित्य आहे हे पटत नसेल, तो जन्मतो आणि मरतो असंच तू मानत असलास तरी शोक करू नकोस, असं तो पुढे म्हणतो. त्यावर ज्ञानेश्वरांची ओवी त्यांनी वाचली.

उपजे ते नाशे। नाशले पुनरपि दिसे।
हे घटिकायंत्र तैसे। परिभ्रमे गा॥

घटिकायंत्र म्हणजे रहाट, असं काकांनी सांगितलं. माळेतलं मडकं भरून वर येतं, रितं होऊन खाली जातं. पुढच्या ओवीत सूर्याचा उदय आणि अस्त, अखंड, आपोआप होत राहणारे. आत्याने दोन्ही ओव्या परत वाचून घेतल्या. "हे चालेल," ती म्हणाली. सातशे वर्षांहून जुनी ती ओवी तिने एखादं प्रात्यक्षिक तपासावं तशी पास केली. काका जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "लहानपणापासून अशीच आहे."

इंग्रजीतलं फार वाचलं नाही, भाषांतर करत वाचताना माझी दमछाक व्हायची. अमेरिकन कवी ब्रायंटची १८१७ साली छापून आलेली मृत्युचिंतनाची कविता तिला माहीत होती. जमिनीखाली तू राजेमहाराजांच्या शेजारी झोपशील, हा त्यातला दिलासा ऐकून म्हणाली, "राजांशेजारी झोपून मी काय करू?" पण तुझ्या मातीत ओक आपली मुळं घुसवील, ही ओळ तिने दोनदा ऐकली. कीट्सची शरद ऋतूवरची कविता मात्र पुरी झाली, तीन बैठकांत. ती त्याने सप्टेंबर १८१९ मध्ये लिहिली आणि फेब्रुवारी १८२१ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो क्षयाने गेला. त्या कवितेतही 'मी' नाही, हे या वेळी मीच आधी ओळखलं. फळं टच्च भरतात, मधमाश्यांची पोळी ओसंडतात, कापणी होते, आणि शेवटी वसंतातली गाणी कुठे गेली असं विचारून तो स्वतःच म्हणतो, राहू दे, तुझंही संगीत आहे. मग चिलटांची गुणगुण, रातकिडे, आकाशात गोळा होणाऱ्या पाकोळ्या. आत्या म्हणाली, "पाकोळ्या जायला निघाल्यात, आणि तो त्यांना जाताना बघतोय. बस."

माझ्यात काय बदललं हे नेमकं सांगता येणार नाही. एवढं आठवतं की घास मोजणं कधीतरी थांबलं. वहीत आधी रोज 'अर्धी वाटी', 'तीन चमचे' अशा नोंदी आहेत, मग एका पानापासून त्या नाहीत. त्या दिवसाच्या उजव्या पानावर 'औदुंबर, चार वेळा' आहे आणि खाली, 'बदामाची पानं खाली खूप. दोघी बघत बसलो.'

शेवटच्या आठवड्यात ती बहुतेक झोपेतच असायची. शब्द गेले, मग डोळे उघडणं गेलं. नर्स म्हणाली, ऐकू येतंय असं धरूनच बोलत राहा. मी दिवसातून दोनदा औदुंबर म्हणायचे, कारण तो पुस्तकाविना येत होता आणि माझा एक हात तिच्या हातात असायचा. आणि प्रत्येक वेळी सातव्या ओळीवर जीभ घसरायची. सुरुवातीला खरंच चुकून, नंतर थोडी जाणूनबुजून. मी 'गाढ' म्हटलं की तिचं बोट माझ्या तळहातावर अगदी हलकं, पण नक्की टेकायचं. मग मी 'गोड' म्हणायचे.

त्या संध्याकाळी औषध जिभेखाली सोडून झालं होतं. डावं पान लिहून झालं होतं. श्वास लांब लांब पडत होते. मी सुरू केलं. झरा, गाव, मळे, पांढरी पायवाट. सातव्या ओळीवर आले आणि म्हटलं, झाकळुनी जळ गाढ काळिमा.

थांबले. बोट हललं नाही.

मी ओळीच्या सुरुवातीला परत गेले आणि नीट म्हटली.